लघवीवाटे बाहेर पडणारं संशोधन

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक सेमिनार द्यायचा असा नियम होता. सरांनी विषयांच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या तेव्हा मी दरवाज्याशी उभा होतो. पुढे होऊन चिठ्ठी उचलावी की सरांनी बोलावल्यावर जावं, हे मला ठरवता येईना. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे असल्या गोष्टी विचारायला माणूस नव्हता. माझं ठरेपर्यंत पाण्याचं शुद्धीकरण, काजूच्या टरफलांचं तेल, साबण असे सगळे ओळखीचे विषय गेले. टेबलावर एकच चिठ्ठी उरली. सरांनी ती वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली आणि विचारलं, "हा विषय कोणी लिहिला?" मग त्यांनाच आठवलं की तो त्यांनीच लिहिला होता. "घे," ते म्हणाले, "तुला झेपेल."

अशा रीतीने मूत्रपिंडातून बाहेर पडू शकणाऱ्या सूक्ष्म कणांचे वैद्यकीय उपयोग हा विषय माझ्या आयुष्यात आला. आम्हा दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला निवडलेलं नव्हतं.

हे दोन हजार नऊ साल. सरांनी सायबर कॅफेतून काढलेला एक इंग्रजी लेख दिला. त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत तो माझ्यापर्यंत आला होता. त्यात एका उंदराचं चित्र होतं. उंदराच्या अंगातले कण अंधारात कसे चमकतात ते दाखवलं आहे, असं खाली लिहिलं होतं. माझ्या प्रतीत उंदीरही काळा होता, कणही काळे होते आणि आजूबाजूचं पानही काळंच होतं. मी ते चित्र भक्तिभावाने बघत असे.

शब्दकोश घेऊन महिनाभर बसल्यावर मला कळलं ते असं. धातूचे वगैरे अतिशय बारीक कण तयार करायचे आणि शिरेतून रक्तात सोडायचे. ते शरीरात फिरतात, गाठीपाशी जमतात आणि चमकतात, म्हणजे डॉक्टरांना गाठ कुठे आहे ते दिसतं. काही कण पाठीवरून औषधही वाहून नेतात. इथवर सगळं छान. पण काम झाल्यावर त्या कणांनी जायचं कुठे? मोठे असतील तर ते यकृतात आणि प्लीहेत ठाण मांडून बसतात, महिनोन् महिने हलत नाहीत. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर मात्र मूत्रपिंडाच्या चाळणीतून निसटतात आणि काही तासांत लघवीवाटे बाहेर. मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. अडचण एवढीच की कण रक्तात शिरला की त्याला प्रथिनं चिकटतात आणि बारीक कण बघता बघता जाडजूड होतो. म्हणून त्याला असं वेष्टन घालायचं की काही चिकटणारच नाही. एवढं मला कळलं. बाकीचं मी पाठ केलं.

सर म्हणाले, "तू मच्छीमारांपैकी ना? मग जाळ्याचं उदाहरण दे. ओरिजिनल वाटेल." मी दिलं. जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या उदाहरणाला टाळ्या पडल्या. तीन स्पर्धकांत मी दुसरा आलो. तिसऱ्याची एस.टी. नांदगावला बंद पडली होती.

घरी येऊन तेच जाळ्याचं उदाहरण मी आत्याला ऐकवलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच परत आली आणि तेव्हापासून आचऱ्याच्या बाजारात मासे विकते. बारावीनंतर वडील मला होडीवर घ्यायला निघाले होते, तेव्हा हिनेच अडवलं होतं. "होडयेर चार जणां आसत," ती म्हणाली होती, "कॉलेजात आमचो एकय नाय." तेव्हापासून माझं शिक्षण हे तिचंच काम आहे असं ती धरून चालत असे, आणि कामाची तपासणी करण्याचा तिला हक्क होता.

तिने उदाहरण शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "जाळ्यात जा रवता ता आमका व्हया आसता आणि जा सुटता तेच्या नावान आमी रडतो. तुझ्या किडनीत जा रवता ताच वायट. मगे उलटा उदाहरण कित्या दिलंस?"

परीक्षकांना हा प्रश्न सुचला नव्हता. ते तिघंही पीएच.डी. होते.

स्पर्धेच्या ठिकाणी एका दैनिकाचे वार्ताहर आले होते. त्यांनी मला विचारलं, "माणसांवर वापर कधी होणार?" मी म्हणालो, "सर, अजून उंदरांवरच चालू आहे." त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं. चार दिवसांनी बातमी आली: मच्छीमाराच्या मुलाने शोधले मूत्रपिंडावरील औषध, प्राण्यांवरील चाचण्या सुरू, लवकरच मानवी वापर. ती मी चार वेळा वाचली. प्रत्येक शब्द कुठून ना कुठून माझ्याच तोंडातून निघालेला वाटत होता, फक्त त्यांची रांग बदलली होती. मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. "माननीय संपादक महोदय" पर्यंत अक्षर फार सुंदर आलं होतं. पुढे "मी काहीही शोधलेलं नाही" हे वाक्य लिहिताना वाटलं, शुद्धलेखन एकदा सरांकडून तपासून घ्यावं. मग ते पत्र वहीतच राहिलं. खरं सांगायचं तर शुद्धलेखन बरोबर होतं.

तोवर आत्याने कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजारात नेलं होतं. बांगड्यांच्या वाट्यांशेजारी ते ठेवलेलं असे, ओलं होऊ नये म्हणून वर एक उपडी ताटली. गिऱ्हाईक वाकलं की ताटली उचलली जायची.

"ह्यो माझो भाचो. किडनीचा औषध काढल्यान."

"खराच? बरा झाला गो. आणि बांगडे कशे दिलंस?"

"औषध काढल्यान म्हणतंय मी!"

"आयकलंय गो बाये. बांगडे ताजे आसत मां?"

विज्ञानाचा समाजावर होणारा परिणाम मी तिथे प्रत्यक्ष पाहिला.

गावच्या मंडळाने सत्कार केला. प्रमुख पाहुणे स्वतःच्या विद्यार्थिदशेवर पाऊण तास बोलले आणि त्यांची परिस्थिती माझ्यापेक्षा किती हलाखीची होती हे त्यांनी सिद्ध केलं. मग दोन मिनिटं मला मिळाली. मी ठरवूनच गेलो होतो की आज खरं सांगायचं. मी म्हणालो, "यात माझं काही नाही. हे दुसऱ्यांचं संशोधन आहे. मी फक्त वाचलं." टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलगा किती नम्र आहे, असं पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं. शाल मंडळाची होती, पुढच्या सत्कारासाठी ती परत घेण्यात आली. नारळ मात्र कायमचा दिला.

यात कोणाचं काही बिघडलं नसतं. माझ्यासारखे खोटे शास्त्रज्ञ गावोगाव असतील आणि ते कोणाच्या अध्यातमध्यात नसतील. पण त्या चैत्रात आत्याच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. तिने ते बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. उष्णतेचं असेल म्हणून कोकमाचं पाणी पीत राहिली. शेवटी बाजारात बसल्या जागी चक्कर आली तेव्हा मी तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात गाठ दिसली.

डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि आत्याला समजेल असं बोलायचा प्रयत्न केला. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात जा, ते म्हणाले. तिथे शिरेतून एक रंगाचं इंजेक्शन देतील आणि स्कॅन काढतील. त्यावरून गाठ कसली आहे आणि कुठवर गेली आहे ते कळेल. तो रंग मूत्रपिंडावाटेच बाहेर जातो. यांची मूत्रपिंडं जरा मंद चालतात असं रक्ताच्या रिपोर्टात दिसतंय, म्हणून ते आधी सलाइन लावतील आणि नंतर रक्त पुन्हा तपासतील. धोका थोडा आहे, पण उशीर करण्यातला धोका मोठा आहे. पंधरा दिवसांच्या आत जा.

एवढ्या सगळ्यातून आत्याने एकच गोष्ट उचलली. परत येताना एस.टी.त ती खिडकीकडे बघत म्हणाली, "तो रंग किडनीतसून जातलो?"

"होय गो आत्ये."

"आणि जावक नाय तर?"

"जाता. वायच येळ लागात, पण जाता."

"तुझा मात्र काय तासात जाता. पेपरात इल्ला."

"ता माझा नाय गो—"

"मगे तुझाच घेतंय," ती म्हणाली. "घरचा आसताना भायरचा कित्या? थांबतंय वायच."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. तिने गोव्याला जायला सरळ नकार दिला. ज्या बाईने मला होडीवरून ओढून कॉलेजात घातलं, ती आता त्या कॉलेजाच्या भरवशावर पोटात गाठ घेऊन बसली होती. गेली चाळीस वर्षं तिने कुठल्याच माणसाच्या शब्दावर मासळी घेतली नव्हती, कल्ले उघडून बघितल्याशिवाय. माझ्या बाबतीत मात्र तिने कल्ले उघडले नाहीत.

दिवस जाऊ लागले. रोज सकाळी टोपली डोक्यावर घेताना ती विचारायची, "खंयपर्यंत इला?" जणू माझे कण कुडाळ स्टेशनवर उतरले आहेत आणि रिक्षा मिळायचा अवकाश आहे. मी सांगायचो की असं औषध अजून नाही, माणसाला कोणी दिलेलंच नाही. ती म्हणायची, "सत्कारातय असाच म्हणालंस." नम्र म्हणून एकदा नाव झालं की माणसाला खरं बोलायची सोय राहत नाही.

वडिलांना सांगितलं. ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुया घोळ घातलंस, तुयाच निस्तर." सरांकडे गेलो. सरांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू असं कर, तिला मूळ पेपर समजावून सांग." मग थोडं थांबून म्हणाले, "विशेषतः ती आकृती."

नवव्या दिवशी आत्याने स्वतःच तोड काढली. सोमवारी देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगाला उजवीडावीकडे ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्न, विहीर, होडीची खरेदी, भावकीतली भांडणं, सगळं या मार्गाने जातं. प्रश्न असा: भाच्याच्या औषधासाठी थांबू की गोव्याला जाऊ? उजवी पडली तर थांबायचं, डावी पडली तर गोवा.

मी हबकलोच. पन्नास टक्के शक्यतेवर माझी आत्या होती.

कौल लावण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळी हकीकत मोठ्याने सांगतात. आमच्या गावात हे काम पिढ्यान् पिढ्या एका घराण्याकडे आहे, त्यांना घाडी म्हणतात. तेव्हाचे घाडी सत्तरीचे होते, भातशेती करत आणि शाळा चौथीपर्यंत शिकले होते. रविवारी दुपारी ते आमच्या पडवीत येऊन बसले. आत्या बाजारात होती. त्यांनी पाणी घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "रागाव नको हां. देवाक खोटा सांगलंय तर दोष माका लागता. तुका काय, दोन मार्क कमी पडतले. म्हणान इचारतंय. औषध तू शोधलंस?"

"नाय. मी वाचलंय."

"म्हंजे दुसऱ्यान शोधल्यान."

"होय."

"खंय?"

"अमेरिकेत."

"तू तेका वळाखतस?"

"नाय."

"तो तुका वळाखता?"

या प्रश्नाची गरज नव्हती असं मला अजूनही वाटतं.

"बरा. औषध दिल्यानी कोणाक?"

"उंदरांका."

"तू बघलंस ते उंदीर?"

"फोटोत." मी आत जाऊन झेरॉक्स आणली. त्यांनी ती उजेडात धरली, फिरवली, उलटी केली. "ह्येच्यात उंदीर खंय आसा?"

"हयसर... हो शेपटीचो भाग वाटता."

"वाटता," ते म्हणाले आणि कागद माझ्या हातात परत दिला. मग त्यांनी मला ते कण कसे चालतात ते सांगायला लावलं. मी सांगितलं, पाठ केलेलं सोडून. प्रथिनं चिकटून कण जाडा होतो इथे आलो तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "कळला, कळला. गावातसून पोरगो काटकुळो जाता आणि मुंबयसून चार वर्सांनी फुगान येता, मगे घराच्या दारातसून शिरणा नाय. तसाच ना?"

"तसाच," मी म्हणालो. खरंच तसंच होतं. जाळ्यापेक्षा चांगलं होतं.

"आणि हो माणसाच्या आंगात चलता की नाय, ह्या कोणाकच ठावक नाय?"

"अजून नाय. होयत कदाचित. वर्सां लागतीत."

"आणि तुझ्या आत्येक डाक्टरान दिवस किती दिल्ल्यान?"

"पंधरा. दहा गेले."

त्यांनी पान थुंकलं. "मगे हो कौल लागणा नाय. दोन वाटो आसल्यार देव सांगता खंयची धर. हयसर वाट एकच. दुसरी अमेरिकेत उंदराच्या पोटात आसा. नाय त्या वाटेचो कौल मी देवाक कसो इचारू?"

मला एवढं हायसं वाटलं की मी त्यांच्या पाया पडलो. मग म्हणालो, "मगे तुमीच आत्येक सांगा. तुमचा ती आयकात."

"मी कित्या? मी गाऱ्हाणा घालतंय. तू थयसर उभो रव आणि होय म्हण."

माझ्या आयुष्यातली ती एकमेव तोंडी परीक्षा, जिच्यात मी नापास झालो आणि परीक्षकाने मला सोबत घेतलं.

सोमवारी सकाळी देवळात पंधरा-वीस माणसं होती. कौल लावायचा म्हटल्यावर इतकी येतातच. आत्या नवं लुगडं नेसून पुढे उभी होती, मी खांबाशी. घाडींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकीच्या किडनीत गाठ इल्ली आसा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तिच्या भाच्यान इंग्रजी कागद वाचल्यान, आणि गावाक वाटला तेनाच औषध शोधल्यान!"

"होय म्हाराजा!" काही जण म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

"ता औषध अजून उंदराच्या फुडे गेलेला नाय! माणसाक देवक नाय! ह्या पोराकडे ता नाय, आणि ह्या पोरान ता केलेला नाय!"

घाडी माझ्याकडे वळले. आत्याही वळली. तिच्या चेहऱ्याकडे न बघता मी म्हणालो, "होय महाराजा." घाबरलो की मी प्रमाण मराठीत जातो. तहसीलदार कचेरीत जसा बोलतो तसा मी देवासमोर बोललो. आवाज फारसा फुटला नाही, म्हणून घाडींनी भुवया उंचावल्या आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"तर म्हाराजा," त्यांनी पुढे चालवलं, "गोव्यात तिच्या आंगात जा काय घालतीत, ता गाठ दाखवांदे आणि जशा गेला तशा भायर येवांदे! आत काय एक रवाक देव नको!"

"होय म्हाराजा!"

माझ्या सत्तावीस पानांच्या सेमिनारचा याहून नेमका सारांश आजवर कोणी केलेला नाही.

पाकळ्या लागल्याच नाहीत. लोक जरा नाराज होऊन पांगले. आत्या देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आली. चप्पल घालताना म्हणाली, "चार म्हयने मी बाजारात बोंबलतंय. तू काय करी होतंस?"

"तुका सांगीत होतंय गो मी..."

"पुटपुटत होतंस! सांगूचा आसला तर बांगडो इकतत तसा सांगूचा, पलीकडच्या आळयेक आयकाक जावक व्हया. कळना नाय ता कळना नाय म्हणूक काय जीभ झडता? मेल्या, तुझ्या आदी माझी किडनी मेली आसती."

मी उभाच राहिलो. तिने दोन पायऱ्या उतरून मागे पाहिलं. "आता थयसर काय करतस? गोव्याची गाडी किती वाजता आसा ता बघ."

बाराव्या दिवशी आम्ही गोव्याच्या इस्पितळात पोचलो. दोन दिवस तपासण्यांत आणि रांगांत गेले. मग रात्रभर सलाइन चढलं आणि सकाळी तिला स्कॅनला नेलं. दाराबाहेर मी अर्धा तास बसलो. ज्या विषयावर मी टाळ्या मिळवल्या होत्या, त्याच्या जवळपासचं काहीतरी पहिल्यांदाच माझ्यापासून दहा फुटांवर घडत होतं आणि मला आत जायला परवानगी नव्हती, जे योग्यच होतं.

ती बाहेर आली ती चिडून. "सगळ्या आंगातसून गरम गेला रे. माका वाटला लुगड्यातच झाला! ती नर्स म्हणता, तसाच वाटता. मगे आदी सांगूक काय झाला? आणि तोंडात ह्या लोखंड चाटल्यासारखा." नर्सने भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. आत्या कोणावर तरी सूड उगवावा तशी पाणी प्यायली. तासाभराने संडासातून परत येताना ती वॉर्डाच्या दारातूनच ओरडली, "गेला रे!"

आठ खाटांवरच्या बायका हसायला लागल्या. एकीने तर टाळी वाजवली. मला सवयीने वाटलं, हो म्हणावं आणि विषय संपवावा. मग मी म्हणालो, "सगळा नाय गेला आत्ये. थोडा थोडा जाता, उद्यापर्यंत. आणि किडनीक त्रास झालो काय ता परवा रगात बघल्यावर कळतला."

"हां," ती खाटेवर बसत म्हणाली. "असा सांग." मग पायांवर चादर ओढून घेत विचारलं, "त्या उंदरांचा मगे काय झाला?"

"मारतत तेंका. यकृतात, प्लीहेत काय उरला ता बघूक."

"सेमिनारात सांगलंस?"

"नाय."

"माका बऱ्यान सोडल्यानी म्हणायचा," ती म्हणाली आणि पुन्हा पाण्याची बाटली उचलली.

दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंडं होती तशीच चालत होती. स्कॅनमध्ये गाठ स्पष्ट दिसली होती. ती डाव्या मूत्रपिंडाच्या आतच होती, बाहेर कुठे गेलेली नव्हती. तिथले डॉक्टर कोकणीत बोलत, त्यामुळे आत्याचं त्यांच्याशी लगेच जमलं. ते म्हणाले, डावं मूत्रपिंड काढावं लागेल, आणि लवकर. उजव्यावर माणूस नीट जगतो.

"एकान भागता?" आत्याने विचारलं.

"भागता मगो."

"मगे हो दुसरो इतकी वर्सां फुकट बसान होतो? आमच्या भावकीत आसत तसो?"

डॉक्टर हसले, पण ती हसत नव्हती. चादरीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. नर्सने संमतीचा कागद आणला. दोन पानं, छापील मराठी, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द. नर्सने सहीची जागा दाखवली आणि पेन पुढे केलं. आत्याने पेन घेतलं नाही. कागद माझ्याकडे दिला.

"वाच," ती म्हणाली. "सगळा वाच, मोठ्यान. आणि न कळल्याचा कळला म्हणा नको."

मी खाटेच्या कडेला बसून वाचायला लागलो. भूल, रक्त चढवणं, जखम, ताप, शुद्धीवर यायला लागणारा वेळ. दोन ठिकाणी मी थांबलो. पहिल्यांदा म्हणालो, "ह्या माका कळाक नाय." नर्सने सांगितलं. दुसऱ्यांदा तिलाही नक्की ठाऊक नव्हतं. ती डॉक्टरांना बोलवायला गेली, आणि ते येईपर्यंत आत्या पेन हातात धरून बसून राहिली. डॉक्टर आले, त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून समजावलं. तिने दोन प्रश्न विचारले. मग सही केली.